सेकंदाला १४४ चित्रे : घ्यायचा का हा मॉनिटर?

दहावीचा शेवटचा पेपर देऊन आमचे चिरंजीव घरी आले. हातपाय धुतले, चार घावन संपवले आणि पाचव्याची वाट पाहता पाहता म्हणाले, "आई, एक मागू?"

मी गॅस बारीक केला. कारण हे वाक्य आमच्या घरात जवळजवळ पाच वर्षांनी ऐकू आले होते.

महाडच्या मैत्रिणींना २२ जुलै २०२१ ची रात्र सांगायला नको. सावित्री आणि गांधारीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तसे आमच्याही तळमजल्यात शिरले. फ्रिज, टीव्ही, गाद्या, माझे शिलाई मशीन सगळे चिखलात गेले. त्यातच मुलाचा संगणक होता. भाऊजींनी दिलेला, जुनाच, पण त्याच्या जिवाचा. तेव्हा तो सहावीत होता. चिखल उपसताना कीबोर्ड त्याने स्वतःच उचलून रस्त्यावरच्या ढिगात नेऊन ठेवला. रडला नाही. आणि त्यानंतर त्याने कधी काही मागितलेच नाही. "कसा गुणी मुलगा हो तुमचा!" असे शेजारणी म्हणायच्या. मला मात्र तो गुणीपणा आतून टोचत असे.

"काय हवंय?" मी विचारले.

"मॉनिटर. एकशे चव्वेचाळीस हर्ट्झचा. गेमिंगसाठी."

किंमत साडेबारा हजार. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. त्याचे मानधन महिन्याच्या महिन्याला येतेच असे नाही. पुरानंतर त्यातून थोडे थोडे वेगळ्या खात्यात टाकत आले. त्या खात्याला आम्ही 'पुराचा डबा' म्हणतो, आणि पाऊस सोडून दुसऱ्या कशासाठी त्याचे झाकण उघडायचे नाही, असा नियम आहे. मॉनिटर घेतला तर डब्याचा तिसरा हिस्सा जाणार!

हे म्हणाले, "आहे तो मॉनिटर फुटलाय का?" सासूबाई म्हणाल्या, "पोराने कधी नव्हे ते तोंड उघडलंय. घेऊन टाका." मला दोन्ही पटत होते, हीच तर पंचाईत! शेवटी ठरवले, हो किंवा नाही म्हणण्याआधी ही वस्तू आहे तरी काय ते समजून घ्यायचे. प्रेशर कुकर घेताना आपण चार दुकाने फिरतो, मग साडेबारा हजारांची वस्तू न कळताच नाकारायची का?

हर्ट्झ म्हणजे काय?

लहानपणी वहीच्या कोपऱ्यात एकेका पानावर थोडा थोडा हललेला माणूस काढून पाने भराभर उलटायचो, आठवते? माणूस चालू लागायचा. पडद्याचेही तसेच आहे. पडदा एका सेकंदात जितक्या वेळा नवे चित्र दाखवू शकतो, तितके त्याचे हर्ट्झ. घरातले साधे मॉनिटर बहुधा ६० किंवा ७५ चे असतात. हल्ली १०० चेही आले आहेत. गेमिंगचे म्हणून विकतात ते १४४, १६५, १८०, २४० असे चढत जातात.

मी मास्तरीण. लगेच मुद्दा काढला, "अरे, तुमच्याच विज्ञानात दृष्टिसातत्य आहे ना? डोळ्यावरची प्रतिमा सेकंदाचा सोळावा भाग टिकते. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांत छान चालतो. मग १४४ कशाला?"

पठ्ठ्याकडे उत्तर तयार होते, आणि नंतर तपासले तेव्हा बरोबरही निघाले. चित्रे जोडून हालचाल दिसायला तेवढी पुरतात, पण वेगाने पळणारी वस्तू स्वच्छ दिसायला पुरत नाहीत. शिवाय सिनेमा आपण नुसता पाहतो. खेळात हात हलवला की पडद्यावर लगेच उत्तर हवे असते. सेकंदाचे हजार भाग केले, तर ६० च्या पडद्यावर दर सुमारे १७ भागांनी नवे चित्र येते, १४४ च्या पडद्यावर दर ७ भागांनी आणि २४० च्या पडद्यावर दर ४ भागांनी. म्हणजे ६० वरून १४४ वर गेले तर दहा भाग वाचतात. पुढे २४० वर गेले तर तीनसुद्धा वाचत नाहीत. पैसे मात्र वाढतात. आकडा जितका मोठा तितका फायदा मोठा, असे नाही, हे त्यात मला कळले.

तवा आणि थापणारी

खरी गोम पुढेच आहे. पडदा चित्रे फक्त दाखवतो. ती तयार करतो संगणक. त्यातही मुख्य काम ग्राफिक्स कार्डाचे. मी ते असे समजून घेतले : पडदा म्हणजे तवा आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे भाकरी थापणारी. तवा मिनिटाला चार भाकऱ्या भाजेल असा कडकडीत तापलेला आहे, पण थापणारीच्या हातून दोनच उतरतात. मग तवा महागाचा घेऊन उपयोग काय? तो निम्मा वेळ रिकामाच जळणार!

आमच्या संगणकात वेगळे कार्डच नाही. प्रोसेसरच्या पोटात असते तेवढ्यावर भागवतो. मग सेकंदाला तो किती भाकऱ्या थापतो? मुलाला माहीत नव्हते, मला तर नव्हतेच.

पोलादपूरची परीक्षा

माझे माहेर पोलादपूरचे, म्हणजे महाडहून वीसेक किलोमीटर. दादाचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीला घरी आला होता. त्याच्याकडे १६५ चा मॉनिटर आणि कार्ड असलेला संगणक आहे. आम्ही आमचा संगणक गोधडीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि एस.टी.त बसलो. कंडक्टर म्हणाले, "ताई, बाळाचं अर्धं तिकीट काढू का?" सगळी गाडी हसली.

वहिनीने चहा ठेवला आणि परीक्षा सुरू झाली. आधी माझ्या डोळ्यांची. मी पाठ फिरवायची, भाच्याने पडदा ६० वर किंवा १४४ वर ठेवायचा, मग मी माउसचा बाण फिरवून, लिहिलेले पान वरखाली सरकवून ओळखायचे. दहापैकी नऊ वेळा बरोबर! चाळिशीला टेकलेल्या, कधी गेम न खेळलेल्या बाईलाही फरक दिसतो. तेव्हा 'हे सगळे कंपन्यांचे थोतांड' असे म्हणता येणार नाही. मग १४४ की १६५ हे ओळखायला सांगितले. दहापैकी पाच. म्हणजे नाणे उडवले असते तरी तेवढेच आले असते. शेवटी एक मराठी चित्रपट लावून पाहिला, तर ६० आणि १४४ मध्ये मला काहीच फरक दिसला नाही. साहजिकच आहे, चित्रपटात मुळात चित्रेच २४!

मग आमचा संगणक त्याच मॉनिटरला जोडला. मुलगा 'व्हॅलोरंट' खेळतो. हा खेळ फुकट मिळतो आणि साध्या संगणकावरही चालतो. सेकंदाला किती चित्रे तयार होतात तो आकडा खेळ चालू असतानाच कोपऱ्यात दाखवता येतो. आकडा आला ५०, ६०, ५५. चित्राची झळाळी कमीत कमी केली तेव्हा ७०. पडदा १४४ ला तयार होता, थापणारीचे हात ७० वर थकत होते.

भाच्याने आणखी एक दाखवले. खेळ इंटरनेटवरचा. आपला संदेश तिकडच्या यंत्रापर्यंत जाऊन परत यायला लागतो त्या वेळेला 'पिंग' म्हणतात. आमच्या घरी तो हजारातले ६०-७० भाग असतो, पावसात आणखी वाढतो. मॉनिटर वाचवणार त्यातले फार तर दहा.

मी काही बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती. मुलगा त्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे बराच वेळ पाहत बसला. मग म्हणाला, "आई, आत्ता घेतला तर फुकट जाईल."

निघताना भाचा म्हणाला, "आत्या, घरी गेल्यावर एकदा सेटिंग बघा." पाहिले. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात डिस्प्ले, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. आमचा मॉनिटर ७५ चा होता आणि २०२२ मध्ये घेतल्यापासून ६० वरच चालला होता! आकडा बदलला. "फुकटात पंधरा चित्रं!" म्हणून मुलगा सासूबाईंना बोलवायला धावला. त्या चष्मा लावून म्हणाल्या, "मला तर आधी दिसत होतं तसंच दिसतंय."

घ्यायचाच असेल तर

मैत्रिणींनो, आमचे उत्तर 'आत्ता नको' असे आले. तुमचे कदाचित 'हो' येईल. म्हणून आम्हाला कळलेल्या चार गोष्टी सांगते.

मूल कोणता खेळ खेळते ते आधी विचारा. धावपळीच्या, नेमबाजीच्या, गाड्यांच्या शर्यतीच्या खेळात वेगवान पडद्याचा उपयोग होतो. बुद्धिबळ, कोडी, अभ्यास, चित्रपट यांना तो लागत नाही. पैसे लावून खेळायचा खेळ असेल तर मॉनिटरचा प्रश्नच उरत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने असे खेळ चालवण्यावर बंदी आणली; ई-स्पोर्ट्सना मात्र मान्यता दिली. फुकट म्हणवणाऱ्या खेळांतही सजावटीच्या वस्तू खऱ्या पैशांना विकतात. तेव्हा ओ.टी.पी. येणारा फोन आपल्याजवळच ठेवावा.

नंतर संगणकाचा आकडा पाहा. तो नेहमी शंभराच्या वर राहत असेल, तर १४४ किंवा १६५ चा मॉनिटर जरूर घ्या. पैसे वाया जाणार नाहीत. साठच्या आसपास घोटाळत असेल, तर आधी कार्डाचा विचार करा.

खोक्यावरच्या '१ एमएस' या अक्षरांना भुलू नका. तो पडद्यावरचा रंग किती लवकर बदलतो त्याचा दावा असतो. हर्ट्झ वेगळे, हे वेगळे, आणि मोजण्याची पद्धत प्रत्येक कंपनी आपल्या सोयीची निवडते. पडद्याची जात विचारा. आयपीएस बाजूने पाहिला तरी रंग फिके पडत नाहीत, व्हीएमध्ये काळा रंग गडद असतो पण अंधाऱ्या दृश्यात हालचाल थोडी फरफटते, टीएन बाजूने पाहिला की फिका दिसतो. भावंडे एकत्र बसून पाहणार असतील तर आयपीएस बरा.

'डोळ्यांना चांगला' म्हणून जास्त हर्ट्झ घेऊ नका. जुन्या काचेच्या नळीचे पडदे लुकलुकत, त्या काळचा हा समज आहे. डोळ्यांना आराम मिळतो तो दर वीस मिनिटांनी लांब पाहिल्याने, खोलीत दिवा ठेवल्याने आणि वेळेवर झोपल्याने.

घरी आणल्यावर केबल संगणकाच्या कार्डाला लावली आहे ना ते पाहा. काही मॉनिटरांना एचडीएमआय केबलने पूर्ण वेग मिळत नाही, डिस्प्लेपोर्टने मिळतो. सेटिंगमधला आकडा हाताने बदलावा लागतो, ही आमची फजिती लक्षात ठेवा. पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून ठिपके तपासा, खोके आणि पावती जपून ठेवा, आणि दुरुस्तीला माणूस घरी येतो की मॉनिटर घेऊन पनवेल-पुणे गाठावे लागते, हे पैसे देण्याआधी विचारा.

डबा आणि माळा

आमच्याकडे आता असे ठरले आहे : पुराच्या डब्याला हात लावायचा नाही. मानधन येईल त्या महिन्यात त्यातले हजार रुपये मी वेगळे काढायचे. दहावीच्या निकालाला नातेवाईक देतील ती पाकिटे त्याने त्यात घालायची. त्यातून आधी कार्ड, मग मॉनिटर. वर्ष लागेल, कदाचित दीड. यांना हा तह मंजूर आहे. सासूबाईंनी पहिली पाचशेची नोट निकालाआधीच देऊन टाकली.

त्या रात्री भांडी आवरताना मी त्याला म्हटले, "मागितलंस ते बरं केलंस." तो "हं" एवढेच म्हणाला आणि ताटे पुसू लागला.

पावसाळा जवळ आला की आम्ही महत्त्वाच्या वस्तू माळ्यावर चढवतो. या वर्षी माळा आवरताना पाहते तो खडूने एक चौकोन आखलेला. "हे काय रे?"

"मॉनिटरची जागा. येईल तेव्हा लागेल ना."

"पण २४ इंची म्हणालास, ही जागा तर लहान दिसते."

"आई, ते माप तिरकं असतं, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. रुंदी एकवीस इंचच भरते."

मी टेप आणून मोजले. बरोबर होते. तेवढी जागा सोडून लोणच्याच्या बरण्या मी पलीकडे सरकवल्या.