विचारल्यावरच वेळ सांगणारे घड्याळ

मिनिट रिपीटर हे मनगटी घड्याळातल्या सर्वांत अवघड कामांपैकी एक, आणि त्याच्याबद्दलचे गैरसमजही तितकेच पक्के. त्यातला पहिला असा, की हे घड्याळ दर तासाला आपणहून टोले देते. भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळावर कान घडलेल्यांना तसे वाटणे साहजिक आहे. पण रिपीटर विचारल्याशिवाय बोलत नाही. त्याच्या कडेला बहुधा एक छोटी सरकपट्टी असते. ती शेवटपर्यंत सरकवून सोडली की घड्याळ त्या क्षणाची वेळ वाजवून सांगते.

समजा ३:४७ झाले आहेत. आधी खालच्या सुरात तीन ठोके, ते तासांचे. मग उंच आणि खाली अशा जोडठोक्यांच्या तीन जोड्या. एकेक जोडी पंधरा मिनिटांची. पावणेचार झाले. शेवटी उंच सुरात दोन ठोके, वरच्या दोन मिनिटांचे. सर्वांत लांबते ते १२:५९ : बारा तास, तीन जोड्या, चौदा मिनिटे, म्हणजे हातोड्यांचे एकूण ३२ ठोके.

आपणहून वाजणारी घड्याळेही आहेत, पण त्यांची जात वेगळी. ग्रँड सोनरी दर पावतासाला तास आणि पाव दोन्ही वाजवते. ग्रँड सोनरी आणि मिनिट रिपीटर एकाच मनगटी घड्याळात पहिल्यांदा बसवले ते स्वित्झर्लंडच्या व्हॅले द जू खोऱ्यातले घड्याळजी फिलिप द्यूफूर यांनी, १९९२ मध्ये.

आत कुठेतरी ठोके मोजून ठेवणारे यंत्र असणार, हा दुसरा समज. खरे तर हे घड्याळ काहीच लक्षात ठेवत नाही. काट्यांच्या चाकांबरोबर तीन चकत्या फिरत असतात. गोगलगायीच्या शंखासारख्या आकारामुळे कारागीर त्यांना त्याच नावाने ओळखतात. तासांच्या चकतीला १२ पायऱ्या, पावांच्या चकतीला ४. मिनिटांच्या चकतीला चार हात आणि प्रत्येक हाताला १४ पायऱ्या. सरकपट्टी सरकवली की दातेरी पट्ट्यांची टोके त्या त्या पायरीवर जाऊन टेकतात. पायरी जितकी खोल, तितकी पट्टी जास्त सरकते, आणि परत येताना तितकेच दात हातोडीला उचलून सोडतात. खोलीचेच ठोके होतात. ही कल्पना मला या साऱ्या यंत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

मात्र तिच्यात एक धोका दडलेला आहे. बरोबर सव्वातीनला पावाची पायरी बदललेली असते. मिनिटांच्या पट्टीचे टोक मात्र आधीच्या चौदाव्या मिनिटाच्या पायरीतच पडू शकते. मग घड्याळ तीन, एक पाव आणि चौदा मिनिटे, म्हणजे ३:२९ वाजवेल. हे टाळण्यासाठी मिनिटांच्या चकतीवर एक पातळ तुकडा बसवतात. पाव बदलताच तो झटकन पुढे सरकून ती पायरी झाकतो. सरकपट्टी अर्धवट सरकवली तर पूर्वीची घड्याळे तासांचे ठोके कमी देत. त्यावर उपाय म्हणून आणखी एक खटका आला : वाजवायचे तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही.

वारंवार वाजवले की चावी लवकर उतरते, असेही म्हणतात. तसे होत नाही. सरकपट्टी सरकवताना तुमच्याच बोटाच्या जोराने एक वेगळी स्प्रिंग ताणली जाते आणि ठोक्यांची सगळी ताकद तिच्यातून येते. ती एकदम सुटू नये म्हणून शेवटी वेग आवरणारे छोटे यंत्र असते. जुन्या पद्धतीचे असेल तर ठोक्यांमागे बारीक घरघर ऐकू येते; केंद्रोत्सारी बलावर चालणारे जवळजवळ नि:शब्द असते.

रिपीटरचा शोध अंधांसाठी लागला, हा समजही सर्वत्र आढळतो. अंधांना त्याचा उपयोग झाला हे खरे. पण मूळ गरज अंधाराची होती. वीज नव्हती, काडेपेटीही नव्हती. रात्री वेळ पाहायची तर दिवा पेटवणे भाग होते. १६८७ मध्ये इंग्लंडात घड्याळजी डॅनियल क्वेअर आणि एडवर्ड बार्लो यांच्यात या शोधाच्या हक्कावरून वाद झाला. राजा दुसऱ्या जेम्सने क्वेअरच्या बाजूने कौल दिला, कारण त्याच्या घड्याळात एकाच दाबाने तास आणि पाव दोन्ही वाजत. मिनिटे वाजवणारी घड्याळे त्यानंतर, अठराव्या शतकात आली.

तेव्हा आत खरोखरच घंटा असे. १७८३ मध्ये पॅरिसचे घड्याळजी अब्राहम-लुई ब्रेगे यांनी तिच्या जागी वळवलेली पोलादी तार आणली आणि घड्याळ बारीक झाले. आजही बहुतेक रिपीटरमध्ये यंत्राभोवती वळसा घालणाऱ्या दोन तारा असतात, फक्त एका टोकाला घट्ट बसवलेल्या. सूर जुळवायचा तो कानशीने. मोकळे टोक घासून तार आखूड केली की सूर चढतो. मुळाशी घासून ती बारीक केली की उतरतो. जास्त घासली गेली तर ती तार गेलीच. हातोडीने ठोका देऊन लगेच मागे यायला हवे; तारेला टेकून राहिली तर आवाज बसतो. पाटेक फिलिप या घड्याळ कंपनीत प्रत्येक रिपीटर बाहेर पडण्याआधी अध्यक्ष स्वतः ऐकतात. यंत्राने मोजता न येणारे काहीतरी कानाला कळते, यावर त्यांचा विश्वास आहे, आणि मला तो योग्य वाटतो.

धातू जितका महाग तितका आवाज चांगला, ही समजूत तर साफ उलटी आहे. नुसती तार फारशी हवा हलवू शकत नाही. खरा आवाज बाहेर पोचवते ते घड्याळाचे कवच. जड प्लॅटिनम तो दाबते, म्हणून त्यातून खणखणीत सूर काढणे कारागिराची परीक्षाच. हलके टायटॅनियम त्याच्यापेक्षा स्वस्त, पण आवाजाला कितीतरी मोकळे. शोपार्ड या घड्याळ कंपनीने २०१६ मध्ये वेगळी वाट धरली : तारा आणि वरची काच नीलमण्याच्या एकाच अखंड तुकड्यातून घडवल्या, म्हणजे काचच ध्वनिवर्धक झाली.

शेवटचा समज वापराबद्दलचा : एवढे महाग घड्याळ मजबूतही असणारच. खरे तर ते जपूनच वापरावे लागते. ठोके चालू असताना काटे फिरवू नयेत. त्या वेळी पट्ट्यांची टोके पायऱ्यांवर असू शकतात, आणि काट्यांबरोबर चकत्या फिरल्या तर ती टोके मोडू शकतात. सरकपट्टी अर्ध्यावर सोडू नये, ठोके संपायच्या आत पुन्हा सरकवू नये. आणि खास तशी खात्री दिलेली नसेल, तर रिपीटर पाण्यापासून दूर ठेवावा. सरकपट्टीची फट बंद करणे सोपे नसते.