जुनी फियाट ‘मिसिंग’ मारते तेव्हा...

पार्ट बदलण्याची घाई नको, आधी दुखणे शोधा

रविवारची सकाळ. इमारतीच्या आवारात उभ्या असलेल्या प्रीमियर पद्मिनीवरचे कव्हर निघते. आजोबांनी हौसेने घेतलेली, वडिलांनी जिवापाड जपलेली गाडी आता मुलाच्या हाती आली आहे. चोक ओढून स्टार्टर मारला की इंजीन सुरू होते, पण त्याचा आवाज पूर्वीसारखा एकसंध राहिलेला नाही. तीन ठोके नीट पडतात, चौथा गळतो. गिअरचा दांडा थरथरतो आणि चढ लागला की गाडीचा दम तुटतो. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग मारते’.

मग नेहमीचा क्रम सुरू होतो. कुणी म्हणते, प्लग बदला. कुणाला कॉइलचा संशय येतो, तर कुणी कार्बोरेटर खोलून बसते. खिसा हलका होतो, पण ठोका गळायचा तो गळतोच. शेवटी कंटाळून एक जण म्हणतो, ‘‘जाऊ द्या साहेब, भंगारात काढा.’’

अनेक घरांतल्या जुन्या गाड्यांचा शेवट असाच होतो. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने घराघरांत ओळखीची झालेली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टॅक्सी म्हणूनही रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या कारखान्यातले तिचे उत्पादन तर त्याच्या कितीतरी आधी थांबले होते. त्यामुळे अंदाजाने काढून फेकलेला चांगला मूळ पार्ट परत मिळेलच याची खात्री नाही. म्हणूनच जुन्या गाडीच्या बाबतीत एक नियम पाळावा: आधी निदान, मग उपचार.

मिसिंग म्हणजे नेमके काय?

पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात चार सिलिंडर असतात. ते १-३-४-२ अशा क्रमाने पेटतात. इंजीन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर ४०० वेळा पेटतो, म्हणजे मिनिटाला एकूण १,६०० ठिणग्या. सिलिंडर पेटायला तीन गोष्टी लागतात: वेळेवर पडणारी ठिणगी, पेट्रोल आणि हवेचे योग्य मिश्रण आणि सिलिंडरमधला पुरेसा दाब. यातली एक जरी कमी पडली, तरी तो ठोका गळतो.

म्हणून पाना हातात घेण्याआधी कान द्यावा. ठोका ठरावीक तालात गळत असेल, तर बहुधा एकच सिलिंडर रुसलेला असतो. तो कधी गळतो, कधी नाही असे असेल, तर दोष चौघांनाही पुरवठा करणाऱ्या जागी, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल किंवा कार्बोरेटरमध्ये असण्याचा संभव जास्त. गाडी थंड असताना त्रास होतो की तापल्यावर, पावसात की चढावर, हेही टिपून ठेवावे.

रुसलेला सिलिंडर कसा ओळखावा?

गाडी उघड्यावर उभी करावी. बंद गॅरेजमध्ये इंजीन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. इंजीन बंद करून एका प्लगची वायर काढावी. त्या वायरला एक जादा प्लग जोडून तो इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून बांधावा. ही जागा कार्बोरेटर आणि पेट्रोलच्या नळीपासून दूर असावी. मग इंजीन सुरू करावे आणि ते चालू असताना वायरला हात लावू नये. कॉइल बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते, त्याचा झटका साधा नसतो.

इंजीन आधीपेक्षा जास्त अडखळले, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर गुन्हेगार सापडला. अशी चारही सिलिंडरची पाळी घ्यावी.

आता त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून पाहावा. दोष प्लगबरोबर सरकला, तर प्लगच खराब. तो होता तिथेच राहिला, तर वायर तपासावी, मग डेल्कोची कॅप. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गाडी कशामुळे सुधारली ते कळतच नाही.

काढलेला प्लगही बरेच काही सांगतो. फिकट तपकिरी रंग निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पेट्रोलने भिजलेला प्लग म्हणजे बहुधा ठिणगी पडत नाही. तेलकट असेल, तर रिंग किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल येत आहे.

कार्बोरेटरला दोष देण्याआधी

मिसिंग मारले की आळ हमखास कार्बोरेटरवर येतो. पण आधी ठिणगीची बाजू तपासणे सोपे आणि स्वस्त असते. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाकडे लांबूनच पाहावे. वायरवर निळसर ठिणग्या खेळताना दिसल्या, तर तिथे वीज गळते आहे. पावसाळ्यात कॅपच्या आत ओल धरते. केसाएवढी चीर असली, तरी ठिणगी वाट चुकते. पॉइंट जळालेले असतील, तर ते नुसते घासून भागत नाही, कंडेन्सरही तपासावा लागतो.

ठिणगी ठीक असेल, तर मग पेट्रोल. टाकीतला गंज आणि गाळ जेटमध्ये अडकतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषून घेते आणि जुन्या प्रकारचे रबर खराब करू शकते. त्यामुळे महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या नळ्या आणि पंपाचा पडदा नियमित पाहावा.

शांतपणे घात करणारा टॅपेट

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरीही सिलिंडर मुका असेल, तर दाब मोजावा. मिस्त्रीकडे त्यासाठी गेज असते. दाब कमी आला, तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला, तर रिंग झिजल्या. वाढला नाही, तर संशय व्हॉल्व्हवर. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचा दाब कमी असेल, तर हेड गॅस्केट पाहावे.

व्हॉल्व्हचे दुखणे जुन्या गाड्यांत सहज लक्षात येत नाही. देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. आरोग्याच्या दृष्टीने ते उत्तमच झाले. पण जुन्या इंजिनात शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजेपासून वाचवत असे. आता बैठक झिजली की व्हॉल्व्ह आत रुतत जातो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो आणि ठोका गळतो. वेळीच लक्षात आले, तर फीलर गेज लावून टॅपेट सेट करण्यावर भागते. दुर्लक्ष केले, तर व्हॉल्व्ह जळतो आणि हेड उतरवावे लागते.

म्हणजे कॉइल, प्लग आणि कार्बोरेटर बदलूनही न गेलेले दुखणे कधी कधी कागदाएवढ्या फटीत लपलेले असते. ती फट न मोजताच गाडी भंगारात गेली, तर दोष गाडीचा म्हणता येत नाही.

जुन्या गाडीच्या डिकीत एक वही ठेवावी. काय तपासले, काय बदलले, कोणत्या तारखेला, ते तिच्यात लिहावे. काढलेला पार्ट निकामी ठरेपर्यंत टाकू नये. पुढच्या वेळी मिस्त्री नवा असला, तरी वही जुनी असेल. आणि गाडी मुलाच्या हातातून नातीच्या हातात जाईल, तेव्हा किल्लीबरोबर तीही देता येईल.