इंग्रजी शब्द वाचताना येतात, पण पेपरात आठवत नाहीत? मोबाईलवर असा करा सराव



दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकलो. अकरावीला सायन्स घेतलं आणि पहिल्याच चाचणीत फिजिक्समध्ये २५ पैकी ७ मार्क पडले. त्यातला एक प्रश्न मी अख्खा कोरा सोडला होता, कारण 'इनर्शिया' म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं. इनर्शिया म्हणजे जडत्व. आणि जडत्वाचा नियम तर मला नववीपासून तोंडपाठ होता! उत्तर येत होतं, पण प्रश्नच कळला नाही.

तुम्ही आठवी ते दहावीत असाल आणि पुढे सायन्सला जायचं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

माझी चूक काय झाली?

घाबरून मी मोबाईलमध्ये ३००० शब्दांचं एक ॲप घेतलं. रोज ५० शब्द वाचायचो, याद्यांचे स्क्रीनशॉट काढायचो. वाचताना वाटायचं, अरे हे तर येतंय! दोन दिवसांनी मात्र डोकं कोरं.

याचं कारण साधं आहे. शब्द समोर दिसल्यावर ओळखणं वेगळं आणि काहीही समोर नसताना तो आठवणं वेगळं. परीक्षेत आठवावं लागतं, आणि मी सराव फक्त ओळखण्याचा करत होतो.

विसरणं कसं थांबवायचं?

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याला दिसलं की पाठ केलेल्यातलं बरंचसं आपण सुरुवातीच्या काही तासांतच विसरतो. नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणून एका रात्रीत शंभर वेळा घोकण्यापेक्षा तीच उजळणी थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने केलेली बरी.

यावरून १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर याने एका पुस्तकातून खोक्यांची पद्धत लोकप्रिय केली. शब्दांची कार्डं करायची. बरोबर आठवलं की कार्ड पुढच्या खोक्यात, म्हणजे ते आता उशिरा बघायचं. चुकलं की परत पहिल्या खोक्यात. आज हेच काम मोबाईल करतो.

कोणतं ॲप घ्यायचं?

मी 'अँकीड्रॉइड' वापरलं. अँड्रॉइड फोनवर ते मोफत आहे आणि कार्डं तयार झाली की इंटरनेटशिवाय चालतं. (आयफोनवर अँकीचं अधिकृत ॲप विकत घ्यावं लागतं. तेवढे पैसे नसतील तर पोस्टकार्डाएवढे कागद आणि बुटाची तीन खोकी घ्या, पद्धत तीच.)

आता स्टेप बाय स्टेप बघूया.

१. शब्द आपल्याच पुस्तकातून घ्या. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या वेबसाईटवर पीडीएफमध्ये मोफत मिळतात. तुमचं मराठी विज्ञानाचं पुस्तक हातात ठेवा आणि त्याच इयत्तेचं इंग्रजी माध्यमाचं पुस्तक मोबाईलवर उघडा. धडे तेच, आकृत्याही त्याच. परावर्तन म्हणजे रिफ्लेक्शन, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, बहिर्वक्र भिंग म्हणजे कॉन्व्हेक्स लेन्स. संकल्पना तुम्हाला येतेच, फक्त तिचं दुसरं नाव शिकायचंय. अकरावीत असाल तर नववी-दहावीची पुस्तकं अशीच उघडा.

२. कार्ड बनवा. ॲपमध्ये प्लसचं बटण दाबून नवीन डेक तयार करा आणि त्यात कार्डं टाका. कार्डाचा प्रकार निवडताना 'बेसिक अँड रिव्हर्स्ड' घ्या. म्हणजे एकदा इंग्रजी शब्द विचारला जाईल आणि एकदा मराठी. मराठी शब्द आला की इंग्रजी स्पेलिंग वहीत लिहूनच कार्ड उलटा.

३. विषय नक्की लिहा. इथे बरेच जण फसतात. 'सेल' म्हणजे जीवशास्त्रात पेशी, पण विजेच्या धड्यात विद्युतघट. 'सोल्युशन' म्हणजे गणितात उकल आणि रसायनशास्त्रात द्रावण. 'पॉवर' फिजिक्समध्ये शक्ती, तर गणितात घात. म्हणून नुसता शब्द टाकू नका, पुस्तकातलं एक छोटं वाक्यही टाका.

४. शब्द फोडून बघा. 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिंथेसिस' म्हणजे संश्लेषण. झालं की प्रकाशसंश्लेषण! गाडीचा ॲक्सिलरेटर पिळला की वेग वाढतो, म्हणून ॲक्सिलरेशन म्हणजे त्वरण. असा धागा जुळला की तो शब्द सहसा सुटत नाही.

५. खरं बटण दाबा. उत्तर बघितल्यावर 'अगेन', 'हार्ड', 'गुड' आणि 'ईझी' अशी बटणं येतात. आठवलं नसेल तर निमूटपणे 'अगेन' दाबा. इथे लाज वाटून 'गुड' दाबलं तर कार्ड उशिरा येईल आणि तोवर शब्द विसरलेला असेल.

६. रोज फक्त १० नवीन शब्द. ॲपमध्ये सुरुवातीला २० असतात, डेकच्या सेटिंगमध्ये जाऊन ते कमी करा. जुन्या कार्डांची उजळणी रोज वाढत जाते. चार दिवस दांडी मारली की ढीग साचतो आणि मग ॲप उघडायचीच भीती वाटते. स्वानुभव आहे!

उच्चारासाठी गूगल ट्रान्सलेटमध्ये शब्द टाकून स्पीकरचं चिन्ह दाबा. पण तिथे आलेला मराठी अर्थ डोळे झाकून कार्डावर लिहू नका. आधी पुस्तकातला शब्द बघा.

मला काय फरक पडला?

इंग्रजी बोलणं यातून एकदम सुधारलं नाही, ते खोटं सांगणार नाही. त्यासाठी बोलावंच लागतं. पण वार्षिक परीक्षेत शब्द कळला नाही म्हणून एकही प्रश्न सुटला नाही. दोन गणितं चुकली, पण ती माझी चूक होती, भाषेची नाही.

तर मित्रांनो, आज रात्री विज्ञानाचा एकच धडा उघडा आणि १० कार्डं करा. उद्या सकाळी पुस्तक न बघता किती आठवतात ते मोजा. तीन आठवले तरी चालेल, सुरुवात तिथूनच होते.