सहाव्या वर्षी येणारी दाढ

मुलाचा पुढचा दुधाचा दात पडला की सगळ्या घराला कळते. परंतु साधारण त्याच सुमारास, म्हणजे वयाच्या सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांमागे वर-खाली दोन्ही बाजूंना मिळून ज्या चार दाढा येतात, त्यांच्यासाठी एकही दात पडावा लागत नसल्यामुळे त्यांचे आगमन बहुधा कोणाच्या लक्षातच येत नाही. त्या दुधाच्याच असाव्यात आणि किडल्या तरी पुढे पडतीलच, हा समज महागात पडतो, कारण त्या कायमच्या असतात.

दाढेचा चावण्याचा पृष्ठभाग नुकतीच टाकी लावलेल्या जात्यासारखा खडबडीत असून त्यातील काही चर ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद असतात. चिक्की किंवा बिस्किटाचा चिकट अंश तिथे अडकला की जिवाणू त्यातील साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, हळूहळू विरघळते. मराठीत याला ‘कीड’ म्हणतात. प्रत्यक्षात तिथे कोणताही किडा नसतो.

हे चर आधीच बुजवून टाकणाऱ्या पातळ लेपास सीलंट म्हणतात. त्यामागील युक्ती मायकेल बुओनोकोर या अमेरिकी दंतवैद्याची असून, धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरतात हे पाहून त्यांनी तोच प्रयोग इनॅमलवर केला व 1955 मध्ये तो प्रसिद्ध केला. आजही दाढ स्वच्छ करून तिच्यावर काही सेकंद हे आम्ल लावतात आणि ती धुऊन कोरडी केली की पृष्ठभाग खडूसारखा पांढरा दिसतो. हा पांढरेपणा म्हणजे इनॅमलमध्ये पडलेली सूक्ष्म छिद्रे होत. त्यांत पातळ राळ, म्हणजे रेझिन, झिरपते आणि निळ्या प्रकाशाखाली घट्ट होऊन तिथेच रुतून बसते. सुई नाही, कोरणेही नाही. मात्र या मधल्या काळात लाळेचा स्पर्श झाला तर लेप टिकत नाही, म्हणून खरे कौशल्य दाढ कोरडी राखण्यातच असते. ते जमण्यासारखे नसेल तर ओलावा सहन करणारे, पण लवकर निघणारे ग्लास आयोनोमर वापरतात.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रांच्या मते सीलंटमुळे मागच्या दातांतील सुमारे 80 टक्के किडीला दोन वर्षांपर्यंत आळा बसतो. अर्थात दोन दातांच्या फटीतील किडीवर त्याचा उपयोग नसल्याने फ्लोराइडयुक्त पेस्ट सुटत नाही, आणि लेपाचा टवका उडाला आहे का, हेही अधूनमधून तपासून घ्यावे लागते. खड्डा पडलेल्या दाढेला मात्र सीलंट पुरत नाही, ती भरावीच लागते. म्हणून दाढ पूर्ण वर येताच हा लेप लावणे उत्तम.

सहा-सात वर्षांच्या मुलाचे तोंड उजेडात उघडून मधल्या रेषेपासून मागे मोजत जावे: पडलेल्या दाताची जागा धरूनही सहाव्या क्रमांकावर जी दाढ दिसेल, ती कायमची.