काखेतल्या गाठी आणि हाताची सूज

स्तनातला लसीकाद्रव मुख्यतः काखेतल्या लसीकाग्रंथींतून पुढे जातो. हाताचाही तिथूनच जातो. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी बाहेर पडल्या, तर त्यांचा पहिला मुक्काम बहुधा इथे असतो. म्हणून काखेतून किती ग्रंथी काढल्या आणि त्यांतल्या किती ग्रंथींत कर्करोग निघाला, यावर पुढचे उपचार बरेचसे ठरतात. मात्र ग्रंथी काढल्या आणि त्यात काखेला किरणोपचार दिले, की हाताचा द्रव वाहून नेणाऱ्या वाटा तुटतात. मग द्रव साचून हात सुजू शकतो. ही सूज म्हणजे लिम्फेडेमा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या विल्यम हॉलस्टेड यांनी स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथीही काढण्याची पद्धत रूढ केली. पुढे ती हळूहळू आक्रसत गेली. आता काखेत गाठ लागत नसेल, तर आधी मोजक्या ग्रंथीच काढून तपासतात. त्या नेमक्या ग्रंथी शोधण्यासाठी लागणारे किरणोत्सारी द्रव्य आणि यंत्र सगळीकडे परवडत नाही, म्हणून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने काखेच्या खालच्या भागातले ऊतक काढून तपासण्याची सोपी पद्धत वापरून पाहिली, आणि ती तोडीस तोड ठरली. सुजेच्या बाबतीत कमी ग्रंथी काढल्याने पडणारा फरक मोठा आहे: 2013 मधल्या एका जागतिक आढाव्यानुसार काख पूर्ण साफ केलेल्या सुमारे 20 टक्के स्त्रियांना सूज आली, मोजक्या ग्रंथी काढलेल्यांत हे प्रमाण सुमारे 6 टक्के होते.

सूज बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत येते, पण दहा वर्षांनीही येऊ शकते. सुरुवात फसवी असते. बांगडी चढेनाशी होते, ब्लाउजच्या बाहीचा वळ उठतो, हात जड वाटतो. या टप्प्यावर बोटाने दाबले की खळगा पडतो आणि रात्री हात उंच ठेवला की सूज उतरते. उतरते म्हणून दुर्लक्ष होते, आणि खरे नुकसान तिथेच होते. पुढे त्वचेखाली तंतू आणि चरबी वाढून हात टणक होतो. मग तो उशीवर ठेवून भागत नाही. शस्त्रक्रियेआधीच दोन्ही हातांची टेपने ठरावीक ठिकाणी मापे घेऊन लिहून ठेवली, तर नंतरचा फरक लवकर कळतो.

जंतुसंसर्ग हा अशा हाताचा सर्वांत मोठा वैरी. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांत किंवा घरी मशीनवर शिवणाऱ्या बाईला बोटात सुई जाणे नवे नाही. अंगुस्तान घालावे, जखम लगेच धुऊन औषध लावावे. हात लाल, गरम होऊन ताप भरला, तर टाटाच्या पुढच्या तारखेची वाट पाहू नये. अंबरनाथ, बदलापूरकरांनीही जवळचा दवाखाना किंवा उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय गाठून त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू करावे.

उपचारांत त्वचेची निगा, हलक्या हाताने द्रव सरकवणारा मसाज, थरांचे बँडेज आणि व्यायाम एकत्र येतात. सूज उतरल्यावर मापाची दाबाची बाही दिवसभर घालायची. हा मसाज म्हणजे तेल लावून रगडणे नव्हे. लघवीच्या गोळ्यांनीही ही सूज जात नाही.

‘त्या हाताने काही करू नकोस’ हा घरोघरचा सल्ला मात्र सोडायला हवा. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत सूज असलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला. त्यांची सूज वाढली नाही, उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. एकदम भरली बादली उचलणे वेगळे. 2016 मधल्या दुसऱ्या अभ्यासात रक्तदाब मोजणे, सुई टोचणे किंवा विमानप्रवास यांचा सुजेशी संबंध दिसला नाही. लठ्ठपणा आणि त्वचेचा संसर्ग यांचा दिसला. तरी दुसरा हात मोकळा असेल, तर सुई तिथेच घ्यावी.

तपासणीसाठी दादर-परळला जाणाऱ्यांनी गर्दीत कडीला लटकू नये. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांनाही जागा आहे.

बरीच वर्षे ठीक असलेला हात अचानक सुजला, दुखू लागला किंवा काखेत नवी गाठ लागली, तर कारण रक्ताची गुठळी किंवा परतलेला कर्करोगही असू शकते. अशा वेळी बाही चढवण्याआधी डॉक्टरांना हात दाखवावा.