घराला आलेला भाव रास्त आहे का?

राहतं घर विकायची वेळ हौसेनं येत नाही. कुणाकडे दवाखान्याचं बिल झालेलं असतं, कुणाला सावकाराचं कर्ज फेडायचं असतं, कुणाचे मालक गेल्यावर मुलं पुण्या-मुंबईला राहतात आणि गावातलं घर बंद पडतं. अशा वेळी दारात गिऱ्हाईक येतं, एक आकडा सांगतं आणि म्हणतं, "वहिनी, यापेक्षा जास्त कुणी देणार नाही, उद्यापर्यंत कळवा." तो आकडा रास्त आहे की आपल्या अडचणीचा फायदा घेऊन सांगितलेला आहे, हे कसं ओळखायचं ते आज बोलू. शेतजमिनीचा विषय वेगळा, त्यात आज जायचं नाही. आज फक्त गावठाणातलं घर. जवळ कागद आणि पेन्सिल घेऊन बसलात तर बरं, कारण थोडा हिशोब करायचा आहे.

पहिली गोष्ट, गिऱ्हाइकाचा आकडा ऐकायच्या आधी आपला आकडा तयार पाहिजे. आठवडी बाजारात कोथिंबीर विकणारी बाईसुद्धा जुड्या मांडायच्या आधी शेजारी काय भाव चाललाय ते बघते. आणि घर विकताना मात्र आपण समोरचा काय बोलतो याची वाट बघत बसतो.

आपला आकडा काढायला आधी घर मोजा. टेप घ्या, दोघीजणी मिळून जागा मोजा आणि बांधकाम वेगळं मोजा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर जे क्षेत्र लिहिलेलं असतं ते पुष्कळदा जुनं असतं. मागची पडवी, न्हाणीघर, नंतर बांधलेली खोली त्यात नसते. उलटही होतं, कागदावर जास्त आणि जागेवर कमी. गिऱ्हाईक मोजून आलेलं असतं, आपण नाही, म्हणून आधी मोजायचं.

मग चौकशी. गेल्या वर्ष-दोन वर्षांत आपल्या आळीत, आपल्या गावात कुणाचं घर किंवा मोकळी जागा विकली गेली? त्या बाईला जाऊन विचारा, खरे किती मिळाले आणि कधी मिळाले. बचत गटाचा इथे मोठा उपयोग आहे. एका गटात दहा-बारा जणी असल्या की गावातला निम्मा व्यवहार कुणाला ना कुणाला माहीत असतोच. शिवाय प्रत्येक नोंदणी झालेल्या खरेदीची सूची क्रमांक २, म्हणजे ज्याला इंडेक्स टू म्हणतात, ती दुय्यम निबंधक कार्यालयात मिळते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरही ती शोधता येते. मुलीला मोबाईलवर काढायला सांगा किंवा सेवा केंद्रावर जा. फक्त एक ध्यानात ठेवा. कागदावर लिहिलेली किंमत खऱ्या किमतीपेक्षा कमी असू शकते, कारण काही लोक थोडी रक्कम रोखीत देऊन कागदावर कमी लिहितात. म्हणून कागदावरचा आकडा आणि तोंडी कळलेला आकडा, दोन्ही शेजारी लिहून ठेवा.

तिसरा आकडा सरकारी. दर वर्षासाठी गावागावांच्या जागांचे बाजारमूल्य दर सरकार ठरवतं, त्याला रेडी रेकनर म्हणतात. हा दर मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतो. गिऱ्हाईक तोच पुढे करतं, "सरकारी दरच एवढा आहे, मी दोन पैसे जास्तच देतोय." असं म्हटलं की घाबरू नका. सरकारी दरानं घर विकलं पाहिजे असा नियम नाही. रस्त्याकडेच्या वाढत्या गावात खरा भाव त्याच्या वर असतो, आणि आडबाजूच्या गावात सरकारी दराएवढं गिऱ्हाईक मिळत नाही असंही घडतं. अजून एक घोटाळा इथे होतो. सरकारी दर चौरस मीटरचा असतो आणि आपण बोलतो चौरस फुटात. एका चौरस मीटरमध्ये पावणेअकरा चौरस फूट बसतात. म्हणजे ३,००० रुपये चौरस मीटर हा दर चौरस फुटाला साधारण २८० रुपये पडतो. तो फुटाचा समजून बसलात तर अपेक्षा दहापट वाढेल, आणि फुटाचा खरा भाव कुणी मीटरचा म्हणून सांगितला तर घर मातीमोल जाईल.

आता हिशोब. समजा जागा ३० बाय ४० फूट, म्हणजे १,२०० चौरस फूट. चौकशीत कळलं की आळीत जागा ५०० रुपये फुटानं गेली. जागेचे झाले ६ लाख. त्यावर ६०० चौरस फुटांचं विटांचं घर, वीस वर्षांचं. गवंड्याला विचारा, असंच घर आज बांधायला फुटाला किती? तो म्हणाला १,५०० तर नवं घर ९ लाखांचं. पण आपलं नवं नाही. असं घर साठ वर्षं टिकतं असं धरलं तर वीस वर्षं म्हणजे एक तृतीयांश वय गेलं, म्हणून ३ लाख वजा. राहिले ६. जागा आणि बांधकाम मिळून १२ लाख. हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुमच्या गावचे वेगळे असतील, पण रीत हीच. त्यात थोडं खाली-वर धरायचं. म्हणजे ११ ते साडेबारा लाखांच्या मधला भाव रास्त, आणि कुणी ८ लाख म्हणालं तर त्याला का, असं विचारायचं.

जुन्या वाड्याचा हिशोब मात्र असा करू नका. मातीच्या भिंतींचं, चार-सहा खणांचं घर असलं की गिऱ्हाईक म्हणतं, "हे पाडायचंच आहे, बांधकामाचे पैसे कसले? फक्त जागेचे देतो." आणि मग पाडताना सागवानी खांब, तुळया, कडीपाट, कोरीव चौकट, घडीव दगड ट्रॅक्टरमध्ये भरून नेतं आणि ते विकून आपल्या जागेचे निम्मे पैसे वसूल करतं. जुन्या सागवानाला आज चांगली मागणी आहे. म्हणून भाव सांगायच्या आधी लाकडाच्या वखारवाल्याला आणि जुनं सामान घेणाऱ्याला, शक्यतो दोघा वेगळ्या माणसांना, बोलावून लाकूड दाखवा. मग एक तर लाकडाची किंमत जागेच्या किमतीत मिळवा, नाहीतर लाकूड आधी काढून विका आणि जागा नंतर. यात बायकांनी फार गमावलेलं आहे असं माझं मत आहे, कारण रोज डोक्यावर असलेल्या तुळईकडे कुणी पैसा म्हणून बघत नाही.

गिऱ्हाईक खोड काढणारच, तो त्याचा हक्कच आहे. छत गळतंय, भिंतीला भेग आहे, बोळ अरुंद आहे, घर दक्षिणमुखी आहे. यातली प्रत्येक खोड रुपयांत मोजून घ्या. गळतीपायी लाख रुपये कमी करा म्हणतो? गवंड्याकडून दुरुस्तीचा अंदाज लिहून घ्या. तो पंचवीस हजार म्हणाला तर पंचवीस हजारच कमी करायचे. बोळातून ट्रॅक्टर येत नसेल तर मात्र भाव खरंच कमी होतो, ते मान्य करा. दक्षिणमुखी म्हणून नाक मुरडणारा माणूस चार दिवसांनी परत आला तर त्याची अडचण दिशेची नव्हती हे समजा. आणि तो ज्या गोष्टी बोलत नाही त्या तुम्ही बोला. नळजोडणी आहे, विजेचं मीटर आहे, शौचालय आहे, घरपट्टी भरलेली आहे.

भिंत मागून लागलेला शेजारी गिऱ्हाईक असेल तर त्याला ही जागा इतरांपेक्षा जास्त मोलाची आहे. त्याची जागा सलग होते, वाट मोठी होते, हद्दीचा तंटा संपतो. तरी तोच सर्वांत कमी भाव सांगतो, "शेजारधर्म" म्हणून. शेजारधर्म दोन्हीकडून असतो हे हसत हसत सांगायला हरकत नाही.

कागद अपुरे असले की भाव पडतो, आणि इथे गिऱ्हाइकाचं म्हणणं बरोबर असतं. सासऱ्यांच्या नावावरच घर असेल, वारसनोंद झालेली नसेल, नणंदांच्या सह्या बाकी असतील, तर तो धोका त्याला घ्यावा लागतो. महिना-दोन महिने थांबता येत असेल तर आधी वारसनोंद करा. नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. आपल्या गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि सनद काढून घ्या. तो कागद हातात असला की बँकेचं कर्ज काढून घेणारं गिऱ्हाईकही येऊ शकतं आणि गिऱ्हाइकं वाढली की भाव वाढतो.

आता समजा आपल्या १२ लाखांच्या घराला तीन मागण्या आल्या. शेजारी साडेदहा लाख म्हणतो, पण सगळे पैसे एका महिन्यात बँकेतून. नात्यातला पुतण्या साडेबारा म्हणतो. १ लाख आज, उरलेले साडेअकरा दीड वर्षानं, आणि किल्ली आत्ताच द्या. एजंटचं गिऱ्हाईक १२ म्हणतं, पण खत ७ लाखांचं, ५ लाख रोख.

नुसते आकडे बघितले तर पुतण्या पहिला येतो. पण घरमालकीण काकूंवर सावकाराचे ३ लाख आहेत, शेकडा दोन रुपये महिना व्याजानं. पुतण्याचे १ लाख फेडले तरी २ लाख राहतात, त्याचं व्याज महिन्याला ४,०००, अठरा महिन्यांचे ७२,०००. उरलेले साडेनऊ लाख आज मिळाले असते तर बँकेत ठेवून, सहा टक्के धरले तरी दीड वर्षात साडेपंच्याऐंशी हजार व्याज आलं असतं. दोन्ही मिळून दीड लाखाच्या वर गेले. म्हणजे पुतण्याचे साडेबारा आजच्या हिशोबानं अकरा लाखांच्याही थोडे खालीच येतात. शेजाऱ्याच्या भावापेक्षा जेमतेम चाळीस हजार जास्त. आणि किल्ली आधीच दिलेली, पैसे थकले तर घरच्याच माणसावर दावा लावायचा का? या हिशोबाचा कागद घेऊन काकूंनी शेजाऱ्याला ११ लाखांवर आणलं तर तो व्यवहार तिन्हींत चांगला.

एजंटच्या गिऱ्हाइकाचं मात्र मुळीच ऐकू नका. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे विकणारीला होतो. जेवढी रोख घेतली तेवढा दंड होऊ शकतो. रोखीचा पुरावा नसतो, ५ लाखांतले ४ दिले तरी कुणाकडे जाणार? वर खतात ७ लाख दिसले की पुढच्या वर्षी शेजारणीचं घर विकताना तिच्यासमोर तुमचंच इंडेक्स टू धरलं जातं. सरकारी किंमत खतातल्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर मुद्रांक शुल्क तिच्यावरच भरावं लागतं, त्यामुळे कमी लिहून ते वाचतच असं नाही.

खर्चाचंही आधी बोलून घ्या. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी घेणाऱ्यानं भरायची असते. "खर्च निम्मा निम्मा" म्हणजे भाव कमी केलाच. एजंटची दलाली शेकडा किती, हे घर दाखवायच्या आधी ठरवा. १२ लाखांवर दोन टक्के म्हणजे २४ हजार होतात. भावावरून अडलं असेल तर गिऱ्हाइकाला सुचवा की खरेदी एकट्या बायकोच्या नावे कर. राहतं घर बाईच्या नावे घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्याचे वाचलेले पैसे भावात घालायला सांगता येतात, आणि त्या घरातल्या बाईच्या नावावर घर होतं.

"उद्यापर्यंत सांगा" याला उत्तर एकच, "आठ दिवसांनी सांगते." ज्याला घर खरंच हवंय तो आठ दिवस थांबतो. त्या आठ दिवसांत निदान आणखी दोघांना विचारा. मोठी रक्कम असेल तर तालुक्याच्या गावी सरकारमान्य मूल्यांकनकार असतात, त्यांची फी आधी विचारून लेखी अंदाज घ्या.

भाव ठरला की इसार घ्याल. इसारपावतीवर एकूण किंमत, इसाराची रक्कम, उरलेली रक्कम कोणत्या तारखेला, आणि तारीख चुकली तर काय, एवढं लिहिलेलं असलं पाहिजे. कोऱ्या स्टॅम्पवर सही किंवा अंगठा नाही. मूळ कागद गिऱ्हाइकाच्या हाती नाहीत, झेरॉक्स द्या. आणि दुय्यम निबंधकासमोर बसाल तेव्हा खतात "पूर्ण रक्कम पावली" असं लिहिलेलं असेल तर आधी बँकेत फोन करून रक्कम जमा झाली का विचारा. जमा झाली म्हटल्यावर मग अंगठा मशीनवर ठेवा.