बाबूराव अर्नाळकर: हजाराच्या वर रहस्यकथा

 पोलादपूर-महाडच्या चाकरमान्यांना मुंबईच्या गिरणगावातल्या खोल्यांत रात्र रात्र जागवणारा लेखक नव्या पोरांना ठाऊक नसतो, याचं वाईट वाटतं. म्हणून ही पोस्ट.

बाबूराव अर्नाळकर (1906–1996). खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. गिरगावात चष्म्याचं दुकान होतं आणि लेखणीतून रहस्यकथा उतरल्या हजाराच्या वर! आठवड्याला एक लिहायची म्हटली तरी एवढ्यांना वीस वर्षं लागतील.

त्यांची माणसं तर विसरताच येत नाहीत. धनंजय आणि त्याचा सोबती छोटू, ही होम्स-वॉटसनच्या वळणाची, पण अस्सल मराठी जोडी. काळा पहाड कायद्याच्या तावडीतून निसटलेल्या बदमाशांना गाठायचा. आणि झुंजार! त्याच्याबरोबर त्याची बायको विजयाही धाडसात उतरायची. मला सगळ्यांत आवडतो तो हाच.

छोटी वाक्यं, भराभर संवाद, पहिल्याच पानावर भानगड. नुकतं अक्षर जुळवायला शिकलेला माणूसही पुस्तक संपवूनच उठायचा. समीक्षकांनी त्यांना फारसं जवळ केलं नाही, हा अन्यायच. मराठी वाचक घडवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

घरातल्या पोटमाळ्यावर जुनी ट्रंक असेल तर आधी ती उघडा. झुंजार सापडला तर रद्दीत घालू नका.